कंसातली अमेरिका

७ सप्टेंबर, कोलंबस

फेब्रुवारीनंतर आज. इतके महिने वही उघडली नाही याची माफी मागायला हवी. पण कुणाची, हे ठरत नाही, म्हणून माझी मीच मागते. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. नोकरी लागली, खोली बदलली, बर्फ ओसरला. सगळं बरं चाललं होतं आणि बरं चाललेलं लिहिलं की बिघडतं, असं मला वाटत राहिलं. मी अठरा वर्षं मुलांना गणित शिकवलं आहे. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायची मला लाज वाटली असती.

न लिहिताही बिघडलंच. ऑगस्टमध्ये बाबा गेले.

आज धाकट्या भावाने, बाफूरने, फोनवर अंत्यविधीचं पोस्टर पाठवलं. बाबा पिवळ्या कोटात, हातात कापडाची मोठी कात्री. विधी ११ ऑक्टोबरला, घानात, कुमासीत; आमच्याकडे तोवर शव शवागारात ठेवतात. खाली 'मुले' म्हणून पहिलं नाव माझं: अजोआ अफ्राकोमा (अमेरिका). मग बाफूर. त्याच्यापुढे कंस नाही.

पाठोपाठ नाना अप्राकूंचा आवाजातला निरोप. ते बाबांच्या कुळाचे प्रमुख. "अजोआ, तुझं नाव वर टाकलंय, ठळक. झालं तुझं काम. यायच्या फंदात पडू नकोस. अमेरिकेतली मुलगी अमेरिकेतच शोभते. एक चांगला व्हिडिओ करून पाठव. रडणं थोडं, बोलणं जास्त."

मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा राग आला. आधीच्या दोन वेळा का नाही आला, याचा विचार करते आहे.

आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. बाबांचं शव, बाबांचं घर, विधीची तारीख, सगळं त्यांच्या कुळाचं. मुलं त्या कुळाला पाहुणी. बापाच्या मरणात मुलांच्या वाट्याला एकच गोष्ट येते, शवपेटी. ती मुलांनी आणायची आणि थोरल्याने पुढे होऊन द्यायची. थोरली मी. हे काम व्हिडिओतून कसं करायचं?

९ सप्टेंबर

विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेले. पदवी होऊन वर्ष होत आलं तरी आम्हा काम-परवानावाल्यांचे पालक तेच. मिस्टर डेलगाडो सभ्य माणूस आहेत.

"कायद्याने तुम्ही जाऊ शकता," ते म्हणाले. "सल्लागार म्हणून विचारलंत तर जाऊ नका. माणूस म्हणून विचारू नका, मला चारला घरी जायचंय."

अडचण मला ठाऊक होती, तरी त्यांच्याकडून पुन्हा ऐकली. काम-परवाना चालू आहे, नोकरी आहे. पण पासपोर्टावरचा व्हिसा मे महिन्यात संपला. इथे राहायला तो लागत नाही. बाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला लागतो, आणि तो मिळतो फक्त बाहेर. थोडक्यात, दार आतून उघडं, बाहेरून बंद.

"वकिलातीतल्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला एकच शंका असते," डेलगाडो म्हणाले, "की तुम्ही कायमच्या राहायला निघालात. ती तुम्ही दूर करायची."

"म्हणजे मला इकडे परत येऊ द्यावं म्हणून मी पटवायचं, की मला तिकडे परत जायचंय?"

"बरोबर."

"हे समीकरण सुटतं?"

"कधीकधी. गणित तुमचा विषय ना?"

त्यांनी प्रवासासाठी लागणारी सही केली आणि पेनाचं टोपण लावायला उगाच वेळ घेतला.

१३ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरच्या ओफोसूशी भांडण. तो औषधांच्या दुकानात काम करतो. माझ्या आधी कितीतरी वर्षं इथे आला, तेव्हापासून एकदाही घानाला गेलेला नाही. दर शनिवारी तो सूप करतो आणि वाटीभर मला देतो. आज वाटी देऊन दारातच उभा राहिला.

"जातेस म्हणे."

"ठरलं नाही अजून."

"ठरलंय, तोंडावर दिसतंय. सिस्टर, वेडेपणा करू नकोस. म्हातारा गेला. तू गेलीस म्हणून उठून बसणार आहे का? बसलाच तर पहिलं विचारेल, व्हिसा कुठाय?"

मला हसू आलं, म्हणून आणखी राग आला. मी म्हटलं, "तुला बरं बोलायला. तुझी तिथे कुणी वाट बघत नाही."

त्याने नजर सुपाकडे वळवली. मग म्हणाला, "विधी बघायचा तर फोन स्टँडवर लावायचा. वायफाय चांगलं हवं. तिथे हजर असलेल्यांपेक्षा तुला जास्त दिसतं. चेहरा अगदी जवळून दाखवतात. फक्त माती टाकताना आवाज मागून येतो. आधी पडताना दिसते, मग ऐकू येते."

"तू कुणाचं बघितलंस?"

"बघितलं एकाचं. सूप गार होतंय."

ओफोसू स्वभावाने कोरडा आहे. अशा माणसाला घरची ओढ काय समजावून सांगणार! तरी मी आवाज चढवायला नको होता.

१६ सप्टेंबर

ग्रेचनला सांगितलं. ती माझी वरिष्ठ. आमच्या आरोग्य खात्यात बाळंतपणाच्या आकडेवारीचं काम माझ्याकडे असतं. तिने मिठी मारली, डोळे पुसले आणि मग नियम सांगितले. ऑक्टोबर संपेपर्यंत जागा धरून ठेवता येईल. देशाबाहेरून आमच्या संगणकात शिरता येत नाही. "आय ॲम सो सॉरी," ती दोनदा म्हणाली. पहिल्यांदा बाबांसाठी, दुसऱ्यांदा नियमासाठी. मला दोन्ही खरे वाटले.

१८ सप्टेंबर

तिकीट काढलं. जाण्याचं आणि येण्याचंही.

माझ्या मनात काय आहे ते इथे तरी स्वच्छ लिहू. मी बाबांसाठी जाते आहे की नानांनी नको म्हटलं म्हणून? डेलगाडो, ओफोसू, नाना, बाफूरसुद्धा, सगळे नको म्हणाले. एकाने जरी 'जा' म्हटलं असतं तर मी इतकी ठाम झाले असते का, सांगता येत नाही. हेतू शुद्ध नाही. पण शुद्ध हेतूची वाट बघत बसले तर बाबांना परके लोक पेटीत ठेवतील.

जायचं.

२८ सप्टेंबर

निघते. ओफोसू गाडीने विमानतळावर सोडणार आहे. भांडणानंतर बोलला नव्हता. सकाळी खाली आला तो गडद तपकिरी कापड घेऊन. आपल्याकडचं, दुखवट्यात अंगावर घ्यायचं, काळे ठसे उठवलेलं. घडी दुकानातली, धागासुद्धा तोडलेला नव्हता.

"तिकडे महाग मिळतं," तो म्हणाला. "घेऊन जा. इथे कसर लागेल."

"केव्हा घेतलंस?"

"झाली बरीच वर्षं. मागवलं होतं."

न वापरता असं कापड कशाला मागवावं? इथल्या घानावाल्यांना विकायचा विचार असेल. मी पैसे विचारले तर त्याने अशा नजरेने पाहिलं की मी पाकीट मिटलं. वाटेभर तो रस्त्यातल्या दुरुस्त्यांना शिव्या देत होता.

३ ऑक्टोबर, कुमासी

बाबांच्या घरी पोचले. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, नाना मधे. मला बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणे नानांच्या वतीने बोलणारा उभा राहिला: "आम्ही इथे सुखरूप आहोत. वाटेने आलात तुम्ही. काय काम काढलंत?"

ज्या अंगणात मी चालायला शिकले, तिथे. मला ठाऊक होतं की विचारतील. प्रत्येकालाच विचारतात. तरी लागलं.

"बापाची पेटी घेऊन आलेय," मी म्हटलं.

बोलणाऱ्याने ते नानांना सांगितलं, जणू नाना शेजारच्या गावात बसले होते. नाना म्हणाले, "तिला विचार, व्हिसा आहे का परतीचा?"

"त्यांना सांगा, नाही."

"तिला सांग, मूर्ख आहेस."

"त्यांना सांगा, बापावर गेलेय."

अंगणातल्या म्हाताऱ्या बायका खुदखुदल्या. नाना नाही हसले. पोस्टर भिंतीवर लावलं होतं. माझं नाव खरंच ठळक होतं.

८ ऑक्टोबर

बाफूरने पेटी सांगून ठेवली होती, साध्या लाकडाची. नानांना काचेची, आत दिवे लागणारी हवी होती. पेटी मुलांची, निवडही मुलांची, असं मी म्हटलं. साधीच राहिली.

आतलं अस्तर तयार घ्यायचं नाही, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. जन्मभर शिंप्याचं काम केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या टाक्यांवर कसं निजवायचं? दोन दिवस बाबांच्या मशीनवर बसलो. बाफूर कापायचा, मी शिवायची. लहानपणानंतर पायाखाली ते पायडल पहिल्यांदाच. डावीकडची शिवण वाकडी गेली.

"ताई, म्हाताऱ्याने बघितलं असतं तर सगळं उसवायला लावलं असतं."

"लावलं असतं."

"उसवू?"

"नको. निजेपर्यंत भांडू दे माझ्याशी."

बाफूर हसता हसता रडायला लागला. मी रडले नाही. त्याचाही हिशोब कधीतरी द्यावा लागेल.

११ ऑक्टोबर

झालं. थोडक्यात लिहिते.

पेटी फाटकातून आत न्यायची वेळ आली. नानांनी भाड्याचे खांदेकरी आणले होते, नाचत नेणारे. मी म्हटलं, फाटकापासून अंगणापर्यंत मुलंच नेतील. पुढून एक बाजू बाफूरने धरली, दुसरी मी. मागून दोन चुलतभाऊ आले. नाना आडवे आले. मधल्या माणसाकरवी नाही, थेट माझ्याशी बोलले.

"बायका पेटी उचलत नाहीत."

"इथल्या नसतील उचलत. अमेरिकेतल्या उचलतात. तुम्हीच कंसात लिहिलंय."

वाद्यं थांबली होती. सगळ्यांनी ऐकलं. नाना बाजूला झाले. जड होती. मध्यावर बाफूरचा पाय अडखळला आणि सगळं वजन माझ्याकडे आलं, पण मी सोडलं नाही.

मग रीतीप्रमाणे दारू जमिनीवर शिंपडून बापाला पेटी देतानाचे शब्द बोलायचे. मी पाठ केले होते. ऐनवेळी निम्मे विसरले. जे आठवले ते मोठ्याने बोलले.

माती टाकताना ती दिसली आणि ऐकू आली, दोन्ही एकदम.

१३ ऑक्टोबर

ओफोसूला निरोप पाठवला: सगळं नीट पार पडलं. तुझं कापड अंगावर होतं. कबरीजवळ गुडघे टेकले तेव्हा तांबडी माती लागली, धुऊन परत देईन.

त्याचं उत्तर लगेच आलं, तिकडे पहाट असणार: "धुऊ नकोस."

विक्षिप्त माणूस.

१६ ऑक्टोबर

मंगळवारी अक्राला, अमेरिकी वकिलातीत, व्हिसाची मुलाखत. घरात तयारी चालली आहे, लग्नघरासारखी. बाफूर लोखंडी जाळीच्या खिडकीमागे काळा चष्मा लावून बसतो.

"मॅडम, तुम्ही तिकडेच राहणार ना?"

"नाही."

"सगळे असंच म्हणतात. नवरा?"

"होता. सोडला."

"अरेरे. मुलं?"

"शाळाभर."

"मॅडम, विनोद नको. पुढचा!"

संध्याकाळी नानांनी बोलावलं. घसा खाकरून म्हणाले, "तिथे विचारतात म्हणे, घरदार काय आहे. हे घर तुझं आहे म्हणून सांग. मी कागद करून देतो. सहीशिक्क्याचा. व्हिसा मिळाला की फाडून टाकू."

 याच माणसाने मला अंगणात पाहुणी म्हणून पाणी दिलं होतं.

"घर तुमच्या कुळाचं आहे, नाना."

"ते मला शिकवू नकोस. तिथल्या पोराटोरांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"मोठी सत्यवादी! बाप तुझा गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणून महिनाभर फिरवायचा!"

"तो शिंप्याचा धर्म आहे."

ते चिडून आत गेले. खरं सांगायचं तर मोह झाला. उद्याची नोकरी त्या कागदावर असेल कदाचित. पण खोटं सांगून परत गेले तर मी तिथे राहीन ती नानांच्या खोट्या घराच्या आधारावर, आणि कुणी दार वाजवलं की दचकेन. तसं राहायला मी चाळिशी उलटल्यावर शिकायला गेले नव्हते. हा प्रामाणिकपणा आहे की ताठा? आज उत्तर येत नाही. कागद मात्र नको.

२१ ऑक्टोबर, अक्रा

खिडकीमागे तरुण मुलगी होती, केस मागे बांधलेले, आवाज थकलेला. तिच्याविषयी वाईट लिहिणार नाही. रांगेत माझ्या आधी असलेल्या मुलाशी ती बरी वागली. जे बोलणं झालं ते आठवतं तसं लिहिते.

नोकरी, पगार, ग्रेचनचं पत्र, सगळं तिने पाहिलं. मग विचारलं, "घानाला का आल्या होतात?"

"वडिलांना पुरायला."

"आय ॲम सॉरी. आई?"

"ती आधीच गेली."

"इथे तुमच्या नावावर घर आहे?"

"नाही. वडिलांचं घर त्यांच्या कुळाचं. आमच्यात ते मुलांकडे येत नाही."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"माझ्या आईच्या कुळाचं घर माम्पाँगला आहे. तिथे माझा हक्क आहे."

"हक्क म्हणजे कागद?"

"नाही. हक्क."

तिने टंकलं काहीतरी. मी पुढे सांगू शकले असते, शाळेबद्दल, बाफूरबद्दल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काम संपल्यावर तुम्ही घानाला परत याल असं मी कशावरून समजू? इथे तुमचं कोण आहे?"

"वडील."

आता तिने वर पाहिलं. "ते वारले म्हणून तर तुम्ही आलात ना?"

"हो. म्हणून तर ते आता इथून हलायचे नाहीत."

शेजारच्या खिडकीवरचा माणूस वळून बघायला लागला.  मला वाटतं त्या मुलीला उत्तर समजलं. तिच्या यंत्रात त्यासाठी चौकोन नसावा. तिने पासपोर्ट परत सरकवला, सोबत छापील चिठ्ठी. ज्यांचा पासपोर्ट आत ठेवून घेतात त्यांना व्हिसा मिळतो. ज्यांना परत देतात त्यांना नाही. मायदेशाशी पुरेसे बंध दिसले नाहीत, असं चिठ्ठीत होतं. पुन्हा अर्ज करता येईल, असंही होतं.

मी आभार मानले आणि बाहेर पडले. गेटजवळ बाफूर नारळवाल्याशी गप्पा मारत उभा होता. माझ्या हातातला पासपोर्ट पाहिला आणि त्याने दोन नारळ फोडायला सांगितले.

२२ ऑक्टोबर, कुमासी

बसमधे रस्ताभर एकच विचार: ते उत्तर खरं होतं की नाटकी? रडवेल असं वाक्य म्हणून मी ते बोलले का? तासन्‌तास उलटसुलट करून पाहिलं. शेवटी स्वतःला असं विचारलं: बाबा त्या मातीत नसते, तर मी काम संपल्यावर कुमासीत परत आले असते का? कदाचित आले असते. माम्पाँगला नक्की नाही, शाळेत कदाचित. आणि आता ते आहेत तर? येईन. यात 'कदाचित' नाही. म्हणजे उत्तर खरं होतं. नाटकी वाटलं तर ती माझ्या आवाजाची चूक.

ग्रेचनचा निरोप आला आहे. अजून आठवडाभर जागा धरून ठेवते, पुढचं तिच्या हातात नाही. डेलगाडोंनी दोन ओळी लिहिल्या: "पुन्हा अर्ज करता येतो. पहिल्यांदा सांगितलं त्याच्याशी विसंगत काही सांगू नका. आणि मला खरंच वाईट वाटलं." ओफोसूला कळवलं. त्याचं उत्तर एवढंच: "तू गेलीस. बस."

संध्याकाळी नाना जेवत होते. फुफू, म्हणजे कुटलेल्या कंदाचा गोळा, आणि शेंगदाण्याचं सूप. मी दारातून जात होते तर हाक मारली.

"काय सांगितलंस त्या पोरीला? घर कुणाचं?"

"तुमच्या कुळाचं."

"आणि तुझं कोण आहे म्हणालीस?"

मी सांगितलं.

 त्यांनी हात धुवायचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि आपल्याच वाडग्यात मला जेवायला घेतलं. मुकाट्याने जेवलो. मासळीचा मोठा तुकडा त्यांनी माझ्या बाजूला ढकलला, मी परत ढकलला, त्यांनी पुन्हा ढकलला. मला वाटतं अजून रागावलेले आहेत. बोलायचं नसलं की ते असेच जेवत बसतात.

जेवण झाल्यावर म्हणाले, "आता काय? तुझ्या त्या शाळेत विचारू का? मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे आहेत."

"नको, नाना. मी अजून तिकडचं सोडलेलं नाही."

"त्यांनी सोडलंय ना तुला!"

"त्यांनी एकदा नाही म्हटलंय. तुम्हीही म्हटलं होतंत."

ते दात कोरायला लागले.

बाफूर बाहेरून ओरडून विचारतो आहे, आता तरी ते घराचं सांगायचं का, नवा अर्ज नव्याने भरू, कुणाला काय आठवतंय? मी नाही म्हटलं. घर माझं नाही. वडील माझे आहेत. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हाही हीच दोन वाक्यं, आवाज थोडा कमी करून.

उद्या: व्हिसाचा अर्ज पुन्हा भरायचा, उत्तर न बदलता.